कार्डाच्या मागं नाव कुणाचं?

(बचत गट आणि महिला संघटनांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला ‘हस्तकलेतून उत्पन्न’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. आमच्या गटाची कार्डं बाहेर टेबलावर मांडली आहेत, ती तुम्ही चहाच्या वेळी पाहिलीतच. ‘किती छान, अगदी जुन्या काळातली वाटतात’ असं बऱ्याच जणींनी म्हटलं. बरं वाटलं. पण ही कार्डं करताना आमच्यात एक भांडण झालं, आणि मी आज त्या भांडणाबद्दल बोलणार आहे. कार्ड कसं करायचं हे ओघात येईलच.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. आमच्या घरी देवघरावर एक लक्ष्मीचं चित्र होतं. छापील. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हे तुम्हाला माहीत असेल. दगडावर एकेक रंग वेगळा काढायचा आणि एकावर एक छापायचा, अशी ती पद्धत. या चित्रांमुळे देवळाची पायरी चढू न दिलेल्या माणसांच्याही घरात देव आले, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तर आमच्या लक्ष्मीला खरी साडी होती. म्हणजे छापील चित्रावर गुलाबी रेशमाचे तुकडे शिवलेले, काठाला जर, मुकुटावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी. हे काम आजीनं केलेलं. तिच्या फाटलेल्या शालूची जर होती ती. त्या काळात अशी सजवलेली चित्रं कितीतरी घरांत होती. काही बाजारातही मिळत.

घरात कोणी पाहुणा आला की वडील सांगत, ‘हे रविवर्म्याचं चित्र बरं का.’ आजी आतून चहा घेऊन यायची. ‘आणि ही साडी आईनं नेसवली’ असं वाक्य मी कधी ऐकलं नाही. मीही कधी बोलले नाही. पुढं चळवळीत आले, घरकामाला मोल नाही यावर शेकडो वेळा बोलले, पण आजीच्या लक्ष्मीची आठवण त्यात कधी आली नाही. आता पुढं काय झालं ते ऐका.

आमचा गट पुण्यातल्या एका वस्तीतला. अकरा जणी. १९९० नंतर आम्ही ८ मार्चची कार्डं स्क्रीन प्रिंटिंगनं करायचो. मूठ, साखळी, उडणारा पक्षी. सगळ्या संघटनांची कार्डं तेव्हा सारखीच दिसायची, हसू नका, तुमचीही तशीच होती. मग दिवाळीची कार्डं सुरू केली. मग मोबाइल आला, शुभेच्छा फुकट झाल्या आणि कार्डांचा धंदा बसला. आम्ही कापडी पिशव्यांकडे वळलो. सात-आठ वर्षांपूर्वी एक दुकानदार आला. म्हणाला, जुन्या जमान्यातली वाटतील अशी हाताची कार्डं द्या, लोक आता तीच मागतात. मशिनवरचं सगळ्यांना मिळायला लागलं की हाताचं महाग होतं, हा बाजाराचा नियम आहे.

मग आम्ही जुनी चित्रं शोधायला बसलो. इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण शिबिरात हमखास विचारतात. कुठलंही जुनं चित्र उचलता येतं असं नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकार गेल्यानंतर साठ वर्षं त्याच्या चित्रावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली गेला, त्याची चित्रं आता सगळ्यांची आहेत. पण दीनानाथ दलालांची चित्रं? दलाल १९७१ साली गेले. म्हणजे २०३१ च्या अखेरपर्यंत थांबायचं. आमच्यातल्या दोघींना दलालांच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं फार आवडतात, त्यांना मी नाही म्हटलं. मोबाइलवर दिसलं म्हणून ते मोकळं असतं असं समजू नका.

आणि रांगोळ्या? ठिपक्यांच्या वह्या? गोधडीवरचे टाके? ते कुणाचे? ते कुणाचेच नाहीत, असं कायदा मानतो. बायकांनी घडवलेलं म्हणजे परंपरा, पुरुषानं सही केलेलं म्हणजे कला. हे मी पुष्कळदा बोलले आहे, तेव्हा पुढं जाते.

आम्ही निवडलं ते शकुंतलेचं चित्र. शकुंतला पालथी पडून पत्र लिहिते आहे, शेजारी दोघी सख्या बसल्या आहेत. रविवर्म्याचं हे १८७६ च्या सुमाराचं चित्र. कार्डाला पत्र लिहिणारी बाई चांगली, एवढाच माझा विचार. गटात एक मावशी आहेत. १९७२ च्या दुष्काळात आईबापांबरोबर उस्मानाबादकडून आल्या, तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. शाळा नाहीच. अक्षरं शिकल्या त्या साक्षरतेच्या वर्गात, दोन मुलांची आई झाल्यावर. त्यांनी चित्र बघून विचारलं, ‘ही कुणाला लिहितीया?’ मी सांगितलं, दुष्यंताला. पुढची गोष्टही सांगितली, तो तिला विसरतो ती. मावशी म्हणाल्या, ‘मग त्याला कशाला लिहायचं? वाया जातंय की पत्र.’

सगळ्या हसलो. पण मावशींनी ते चित्र घरी नेलं. तीन आठवडे रात्री बसून त्यांनी त्याचं जे केलं, तेच बाहेरचं कार्ड. शकुंतला आता पालथी पडलेली नाही, उठून बसली आहे. अंगावर नऊवारी आहे, तिला गोधडीच्या धावदोऱ्याचा काठ. कमळाच्या पानाऐवजी वहीचा कागद. आणि दोघी सख्या नुसत्या बघत बसलेल्या नाहीत. एक सांगते आहे, शकुंतला लिहिते आहे, दुसरीनं आधीचं पान हातात धरलं आहे. म्हणजे तिघींचं पत्र. मी झाडं काढा म्हटलं, काढली. सख्या काढा म्हटलं, कार्डावर गर्दी होते, तर मावशी म्हणाल्या, ‘बाया ऱ्हाऊ द्या.’ त्यांचं बरोबर होतं. कार्डाचा सगळा जीव त्या दोघींत आहे.

आता करायची रीत सांगते, कारण पैशाचा हिशेब त्यावर उभा आहे. हातकागद जरा जाड घ्यायचा, पातळ कागद टाक्याला फाटतो. कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा. चहा उकळून गाळून गार करायचा, चोथा राहिला तर डाग पडतात. काही गिऱ्हाइकांना डागच आवडतात ही गोष्ट निराळी. मग सावलीत वाळवायचा आणि वजनाखाली ठेवायचा. पुरता वाळायला हवा. एका पावसाळ्यात आम्ही घाई केली आणि तीनशे कार्डांना बुरशी आली, तो तोटा सगळ्यांच्या अंगावर पडला. मावशींचं यावर म्हणणं असं, ‘नवा कागद जुना करायचा, आन् जुन्या लुगड्याची गोधडी नवी म्हणून इकायची. शहाणी हायत लोकं.’

नक्षी उतरवायची ती भरतकामाच्या छापासारखी. बटर पेपरवर चित्र काढायचं, रेघेवर बारीक सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, उलट्या बाजूनं पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवायचा म्हणजे भोकं मोकळी होतात. कापडावर आपण रॉकेलमध्ये निळीचा बोळा बुडवून फिरवतो, पण कागदावर रॉकेल पसरतं. म्हणून कोळशाची कोरडी पूड पातळ फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी भोकांवर आपटायची. खाली ठिपके उमटतात, ते पेन्सिलीनं जोडायचे. मग रंग. मग काठाचा धावदोरा. इथं आमची पहिली पन्नास कार्डं फाटली, कारण टाके कापडासारखे जवळ घातले. कागदाला भोकं जवळ पडली की तो तिकिटासारखा फाटतो. टाका लांब घ्यायचा, आणि भोकं आधी पाडून मग दोरा ओढायचा, ही युक्तीसुद्धा मावशींचीच. कडा कात्रीनं कापायच्या नाहीत, पट्टी ठेवून ओल्या ब्रशची रेघ मारायची आणि तिथून फाडायचं.

एका कार्डाला सगळं धरून अडतीस मिनिटं लागतात. आम्ही घड्याळ लावून पाहिलं. वाळायचा वेळ सोडून. दुकानदार पंचवीस रुपये देत होता आणि ऐंशीला विकत होता. कागद, दोरा, रंग, पाकीट मिळून सात रुपये. खोलीचं भाडं आणि तुटफूट यासाठी सहा. उरले बारा. अडतीस मिनिटांचे बारा म्हणजे तासाला एकोणीस. आठ तास मान न उचलता बसलं तर दीडशे रुपये. आणि घरची बाई आठ तास सलग कधी बसते? आपण ‘स्वावलंबन’ म्हणतो तेव्हा हा आकडा समोर ठेवून म्हणावं.

या हिशेबात एक गोष्ट नव्हती, आणि ती नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मावशींचे तीन आठवडे. चित्र बदललं ते काम. कापणारीला दर होता, छाप उतरवणारीला दर होता, रंग, टाका, पाकीट, सगळ्याला दर होता. विचार केला त्याला दर नव्हता.

कार्डं चांगली खपली. सहा महिन्यांनी दुकानदाराची मागणी अचानक थांबली. आमच्यातल्या एका पोरीनं शहरातल्या दुसऱ्या दुकानात आमचंच कार्ड बघितलं. मशिनवर छापलेलं. धावदोरासुद्धा छापलेला! बोट फिरवलं तर सपाट. किंमत तीस रुपये. चौकशी केली तर आमच्याच दुकानदारानं छापून घेतलेलं. आम्ही चौघी त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, मूळ चित्र तरी तुमचं कुठं आहे? तुम्ही रविवर्म्याचं घेतलं, मी तुमचं घेतलं.’

कायद्यानं तो चूक होता. जुन्या, मोकळ्या चित्रावर आपण जी नवी भर घालतो, त्या भरीवर आपला हक्क असतो, त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. हे मी त्याला ऐकवलं. कागदपत्रं काढू, नोटीस देऊ, असं बरंच बोलले. रिक्षात बसल्यावरही माझं चालूच होतं, बायकांच्या कामाची चोरी वगैरे. मावशी गप्प होत्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही काहीच बोलत नाही. तर म्हणाल्या, ‘त्याला काय बोलायचं, ताई? तुमी तरी माझं नाव कुठं घातलं व्हतं?’

कार्डाच्या मागं काय छापलं होतं, सांगते. वर ‘राजा रविवर्मा यांच्या चित्रावर आधारित’, खाली आमच्या गटाचं नाव, आणि संपर्कासाठी माझं नाव. मला ते अगदी योग्य वाटलं होतं. वैयक्तिक नाव नको, सामूहिक श्रेय असावं, हे तर आपलं तत्त्वच. पण रविवर्म्याला वैयक्तिक नाव चाललं, मला चाललं, सामूहिक व्हायचं ते फक्त मावशींनी. मी घरी जाऊन आजीची लक्ष्मी भिंतीवरून खाली काढून मागून बघितली. पाठीवर पुठ्ठा आणि चौकटवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी. चौकटवाल्याचं नाव होतं!

पुढं एस्थर हाउलंड या बाईबद्दल वाचलं, तेही सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर गावी १८२८ साली जन्मलेली. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. १८४७ मध्ये कॉलेज संपवून घरी आली तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या माणसाकडून तिला इंग्लंडमधलं नक्षीदार प्रेमपत्राचं कार्ड आलं. तिला वाटलं, हे मी याहून चांगलं करीन. कागदी झालर, रंगीत चित्रं मागवली, नमुने केले. सांगतात की भाऊ दुकानाच्या फेरीवर ते घेऊन गेला, दोनशे डॉलरची मागणी येईल अशी तिची आशा, आली पाच हजारांवर. मग तिनं मैत्रिणी जमवल्या, घराच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल मांडलं. एक कापणार, एक चिकटवणार, एक झालर लावणार. ज्यांना घर सोडता येत नव्हतं त्यांच्याकडे सामानाची पेटी आणि नमुना जायचा, आठवड्यानं तयार कार्डं परत. म्हणजे आपलंच. हुबेहूब. तिच्या कार्डांच्या मागं लाल रंगात ‘एच’ हे अक्षर असायचं, त्यावरून संग्राहक आजही ती ओळखतात. आजारी वडिलांची काळजी घ्यायची म्हणून १८८१ च्या सुमारास तिनं तो चालता धंदा एका पुरुष व्यावसायिकाला विकला. बाईच ती. पण मला ‘एच’ वाचून दुसरंच सुचलं. हाउलंडचा ‘एच’ राहिला. त्या टेबलाशी बसलेल्या मुलींपैकी कुणाचं अक्षर राहिलं? जुनं ते सुंदर म्हणून आपण नक्षी घेतो, झालर घेतो, चहाचा रंग घेतो, आणि त्याबरोबर ती बसायची व्यवस्थाही जशीच्या तशी घेतो.

घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्या बायकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेचा त्यात मोठा वाटा होता. इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवा, ही त्यातली मुख्य गोष्ट. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तेव्हा तो लढा आहेच, आपल्यापैकी पुष्कळजणी त्यात आहेत. पण सरकारनं मान्यता देईपर्यंत आपल्या स्वतःच्या खोलीत काय अडचण होती?

त्या रिक्षानंतर गटाच्या बैठका झाल्या. चार झाल्या, आणि गोड नव्हत्या. एक-दोघींचं म्हणणं, मावशींनी चित्र काढलं पण फाटलेल्या पन्नास कार्डांचा तोटा सगळ्यांनी भरला, मग नाव एकटीचं का? हा मुद्दा खोटा नाही. एकीनं विचारलं, उद्या मी रांगोळीचं कार्ड केलं तर माझ्या आईचं नाव घालायचं का, तिच्या वहीतली आहे? कुणी म्हणालं, नावानं पोट भरतं का, दर वाढवा. मावशी म्हणाल्या, ‘दोन्ही पायजे.’

शेवटी असं ठरलं. जिनं नक्षी बदलली तिला विकलेल्या प्रत्येक कार्डामागं एक रुपया, कार्ड चालतंय तोवर. दुकानाला दर तीस. तो दुकानदार अर्थातच गेला. नोटीस आम्ही दिली नाही, वकिलाची फी आणि खेटे परवडणारे नव्हते, याचं मला अजून वाईट वाटतं. आता बहुतेक विक्री आम्हीच प्रदर्शनांत करतो, साठ रुपयांना. खप निम्म्यावर आला आहे, हेही लपवत नाही. हाताला मात्र बाराऐवजी वीस-बावीस पडतात. कुणी मोठी मागणी घेऊन आलं तर तोंडाला पाणी सुटतं, आणि पुन्हा जुन्या दराला जायचं का यावर पुन्हा बैठक बसते.

कार्डाच्या मागं आता तीन ओळी असतात. मूळ नक्षी कुणाची, ती बदलली कुणी, आणि हे कार्ड हातानं केलं कुणी. तिसरी ओळ रिकामी छापतो, करणारी आपल्या हातानं सही करते. मावशी पहिल्या दिवशी शंभर सह्या करत बसल्या, दुसरं काही कामच केलं नाही. कुणी ओरडलं नाही. रांगोळीच्या कार्डावर ‘मूळ नक्षी’ पुढं तिच्या आईचं नाव आहे. आई गेल्यावर्षी वारली. ते कार्ड घरात लावलं आहे.

आजीच्या लक्ष्मीच्या मागचा पुठ्ठा मी बदलला आणि आजीचं नाव लिहिलं. भावाला ते विचित्र वाटलं.

एक मुलगी मात्र सही करत नाही. बाविशीची आहे, टाका गटात सगळ्यात सुरेख. ती म्हणते, नाव दिसलं की सासरी कळणार मी किती कार्डं करते, मग पैसे मोजून मागणार. आता हातात पडतात त्यातले थोडे तरी बाजूला राहतात. मी तिला हक्कांवर व्याख्यान द्यायला तोंड उघडलं होतं, पण मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. तिच्या कार्डाच्या तिसऱ्या ओळीत नाव नसतं. तिथं ती काळ्या दोऱ्यानं एक मुंगी काढते. बाहेरच्या टेबलावर डावीकडच्या गठ्ठ्यात तिची कार्डं आहेत, उलटून बघा.